डेक्सा रिपोर्टात हाडं ‘उत्तम’, मग बाबांची पाठ का वाकत नाही?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: वडील ५४ वर्षांचे, शेतकरी, पांढरकवड्याजवळच्या गावी राहतात. चार-पाच वर्षांपासून पाठ आणि मान आखडत चालली आहे. आता उकिडवं बसता येत नाही, मागून कुणी हाक मारली तर अख्खं अंग वळवावं लागतं. तुम्ही त्यांना पुण्याला आणून डेक्सा स्कॅन करून घेतलं, तर हाडांची घनता वयाच्या मानाने बरीच जास्त निघाली आणि ‘हाडं उत्तम आहेत, वयामुळे दुखतंय’ असं सांगण्यात आलं. ओळखीच्या एकाने सूक्ष्म खनिजांच्या कॅप्सूल सुचवल्या. त्यांत झिंक, तांबं, मँगनीज, सेलेनियम आणि बोरॉन आहे. जमिनीतली खनिजं संपल्यामुळे आपली हाडं पोकळ होतात, असं त्याचं म्हणणं. त्या कॅप्सूल द्याव्यात का, एवढंच तुम्ही विचारलंय. आणि जाता जाता दोन ओळी लिहिल्यात: घरी २००९ पासून बोअरचं पाणी आहे, आणि ताईच्या नऊ वर्षांच्या मुलाचे दात तपकिरी आहेत, कितीही घासले तरी डाग जात नाहीत. त्याला दोन वर्षांची धाकटी बहीण आहे.

त्या शेवटच्या दोन ओळी मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटल्या. यवतमाळ-चंद्रपूरच्या सीमेवरच्या एका तालुक्याच्या गावी मी २३ वर्षं हाडांचा दवाखाना चालवतो. अशी पाठ, असे दात आणि असं पाणी एकाच कुटुंबात दिसलं की माझ्या मनात पहिलं नाव फ्लोराइडचं येतं. तुमच्या वडिलांना एखादं खनिज कमी पडतंय, यापेक्षा एक खनिज वर्षानुवर्षं नको तितकं त्यांच्या हाडांत जातंय, ही शक्यता मला जास्त वाटते. मी त्यांना तपासलेलं नाही, म्हणून ‘शक्यता’ म्हणतोय. पण ही शक्यता तपासायला खर्च फार कमी येतो, आणि न तपासता कॅप्सूल सुरू केल्या तर आणखी चार वर्षं तशीच जातील.

आधी तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण सूक्ष्म खनिजांचा हाडांशी संबंध नाही असं मुळीच नाही.

आपल्याकडच्या जुन्या घरांच्या कुडाच्या भिंती आठवा. तुराट्या विणायच्या, दोरीने आवळायच्या आणि वरून माती-शेणाचा लेप द्यायचा. हाडाची घडण बरीचशी तशी आहे. तुराट्यांच्या जागी कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे तंतू, लेपाच्या जागी कॅल्शियम आणि फॉस्फेटचे अतिशय बारीक स्फटिक. लेपामुळे भिंत भार पेलते, तुराट्यांमुळे ती धक्का सोसते. भिंत टिकवायची तर जुना लेप खरवडून नवा द्यावा लागतो. हाडातही हे काम अखंड चालू असतं. एका प्रकारच्या पेशी जुनं हाड विरघळवतात, दुसऱ्या तिथेच नवं रचतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी असा नवा होतो.

सूक्ष्म खनिजं या भिंतीत भरली जातात ती नाममात्र. त्यांचा खरा उपयोग गवंड्याच्या हत्यारांसारखा आहे. कोलॅजनचे तंतू एकमेकांना बांधणारं एक विकर (एन्झाइम) असतं, लायसिल ऑक्सिडेज. ते तांब्याशिवाय चालत नाही. तांबं कमी पडलं तर तुराट्या असतात, पण दोरी सैल. तान्ह्या मुलांमध्ये तांब्याची खरी कमतरता झाली तर हाडं किरकोळ धक्क्याने मोडतात.

याच विकराची दुसरी बाजू आमच्या भागात रोज दिसते. सुपारीत तांबं बरंच असतं. दिवसभर खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) गालात धरून ठेवणाऱ्या माणसाच्या तोंडातल्या आवरणाला ते तांबं सतत मिळत राहतं, हे विकर तिथे नको तितकं काम करतं आणि गालाचं आतलं कातडं दोरखंडासारखं घट्ट होत जातं, असं या आजाराच्या अभ्यासकांचं मत आहे. सुपारीतले इतर घटकही त्यात भर घालतात. शेवटी तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही. हाडाला हवं असलेलं खनिज चुकीच्या जागी चुकीच्या प्रमाणात गेलं की काय होतं, ते समजून घ्यायला यापेक्षा जवळचं उदाहरण मला माहीत नाही. वडील खर्रा खात असतील तर तो वेगळा, पण तितकाच तातडीचा विषय आहे.

झिंकचं महत्त्व लक्षात आणून दिलं ते डॉ. आनंद प्रसाद या मूळच्या भारतीय डॉक्टरांनी. इराणमधल्या शिराझला काम करताना त्यांना विशी गाठलेले पण दहा वर्षांच्या मुलाएवढे दिसणारे रुग्ण भेटले. वाढ खुंटलेली, वयात आल्याची लक्षणं नाहीत, रक्त कमी. त्यांचं खाणं म्हणजे मुख्यतः न आंबवलेली गव्हाची रोटी, आणि त्यांना माती खायची सवयही होती. १९६१ साली त्यांनी हे रुग्ण प्रसिद्धीस आणले आणि लोहाबरोबर झिंकही कमी असावं असं मांडलं. पुढे इजिप्तमधल्या अभ्यासात ते खरं ठरलं. धान्याच्या कोंड्यातलं फायटेट झिंकला धरून ठेवतं आणि आतड्यातून शोषू देत नाही. आपल्या भाकरीतही फायटेट असतंच. पण आपल्याकडे आंबील आहे, मोड आलेली कडधान्यं आहेत. आंबवल्याने आणि मोड आणल्याने फायटेट कमी होतं. आहारशास्त्राचं हे ज्ञान आपल्या आज्यांच्या हातात होतं आणि ते अजूनही कॅप्सूलपेक्षा स्वस्त आहे.

मँगनीज कूर्चेच्या घडणीला लागतं. ते कमी पडलं की कोंबडीच्या पिलांचे घोटे सुजून पाय वाकडे होतात, हे कुक्कुटपालन करणाऱ्यांना ठाऊक असतं. ज्वारी, डाळ, भाजी खाणाऱ्या माणसात मात्र त्याची कमतरता मी आजवर पाहिलेली नाही. बोरॉन आणि सिलिकाबद्दल जाहिराती भरपूर आहेत, माणसांवरचा पुरावा तुटपुंजा आहे. सेलेनियमची कमतरता चीन आणि तिबेटच्या काही भागांत सांध्यांच्या एका आजाराशी जोडली गेली, पण तिथली माती वेगळी.

म्हणजे कॅप्सूलवरची नावं खोटी नाहीत. पण ‘शरीराला लागतं’ आणि ‘तुमच्या वडिलांना कमी पडतंय’ या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. शिवाय ही खनिजं एकमेकांच्या वाटेत येतात. झिंक जास्त झालं की आतड्याच्या पेशी धातू धरून ठेवणारं एक प्रथिन जास्त बनवतात. ते प्रथिन तांब्याला पकडतं, आणि त्या पेशी झडून गेल्या की तांबंही त्यांच्यासोबत बाहेर जातं. महिनोन् महिने जादा झिंक घेतल्याने रक्त कमी झालेले आणि पायातली संवेदना गेलेले रुग्ण नोंदलेले आहेत. मोठ्या माणसाने दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या वर झिंक वैद्यकीय कारणाशिवाय घेऊ नये, असा संकेत आहे. डबीवर प्रमाण पाहा. कमी मात्रेची एक गोळी रोज घेतल्याने बिघडणार नाही, पण वडिलांची पाठ तिने मोकळी होईल असं मला वाटत नाही.

आता फ्लोराइडकडे.

हाडाच्या स्फटिकात कॅल्शियम-फॉस्फेटच्या जोडीला हायड्रॉक्सिल नावाचा एक गट बसलेला असतो. फ्लोराइड आकाराने आणि भाराने त्याच्यासारखंच असल्यामुळे ते त्याची जागा घेतं. असा स्फटिक जास्त कठीण असतो आणि सहज विरघळत नाही. दाताच्या पृष्ठभागावर हा गुण कामाचा, कारण तोंडातल्या आम्लाला तो दाद देत नाही. म्हणून टूथपेस्टमध्ये फ्लोराइड घालतात, आणि अमेरिकेत ग्रँड रॅपिड्स शहरात १९४५ पासून पिण्याच्या पाण्यात लिटरला सुमारे १ मिलिग्रॅम फ्लोराइड मुद्दाम मिसळायला सुरुवात झाली. हाडात मात्र विरघळणं हाच दुरुस्तीचा पहिला टप्पा असतो. जुना लेप खरवडलाच जात नाही आणि वरून नवा थापला जातो. भर म्हणजे फ्लोराइड हाड रचणाऱ्या पेशींना चेतवतं. हाड जाड होतं, जड होतं, एक्स-रेवर पांढरंशुभ्र दिसतं. पण त्याची वीण बिघडलेली असते.

तुमच्या डेक्सा रिपोर्टाचं कोडं इथे उलगडतं. हे यंत्र क्ष-किरण किती अडले ते मोजतं. तिथे खनिज किती आहे एवढंच त्यावरून कळतं, हाड कसं रचलंय ते कळत नाही.

याचा सगळ्यात ठोस पुरावा फ्लोरोसिसच्या, म्हणजे जास्त फ्लोराइडने होणाऱ्या आजाराच्या, गावातून आलेला नाही, तो अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधून आला. फ्लोराइडने घनता वाढते म्हणून एके काळी हाडं विरळ झालेल्या स्त्रियांना ते औषध म्हणून देत. १९९० साली रिग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२ स्त्रियांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना रोज ७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड, निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी, कॅल्शियम सगळ्यांना, असं चार वर्षं चाललं. फ्लोराइड घेणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता ३५ टक्क्यांनी वाढली. मणक्यांचे फ्रॅक्चर मात्र म्हणावे तसे कमी झाले नाहीत, आणि हातापायांचे, खुब्याचे असे मणक्याबाहेरचे फ्रॅक्चर दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत २४ तर फ्लोराइड घेणाऱ्यांत ७२ झाले. आकडा सुधारला, हाड बिघडलं. ज्या गावांत पाण्यातून हे औषध न मागता मिळतंय, तिथे डेक्साच्या ‘उत्तम’ शेऱ्यावर मी म्हणूनच विसंबत नाही.

आखडण्याचं कारण यापुढचं आहे. फ्लोराइड वाढत गेलं की हाड आपली हद्द सोडतं. मणक्यांना जोडणारे अस्थिबंध, बरगड्यांचे सांधे, कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडांच्या मधला पडदा, या सगळ्यांत कॅल्शियम साठून ते कडक होतात. पाठ बांबूसारखी एकसंध होते. पुढे मणक्यातली मज्जारज्जूची वाट अरुंद होते आणि पायांतली ताकद जाऊ लागते.

किती फ्लोराइड म्हणजे जास्त? भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही १.५ आहे. दिवसभरात सगळ्या मार्गांनी मिळून ६ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड जाऊ लागलं की हाडांना धोका वाढत असावा आणि १४ मिलिग्रॅमला तो स्पष्ट दिसतो, असं याच संघटनेच्या आढाव्यात मांडलं आहे. आता तुमच्या घरचा हिशेब करू. समजा बोअरच्या पाण्यात ३ मिलिग्रॅम निघालं. पुण्यात बसून काम करणारे तुम्ही दोन लिटर पाणी प्याल. मे महिन्यात वावरात असलेला माणूस पाच-सहा लिटर पितो, म्हणजे पाण्यातूनच १५ ते १८ मिलिग्रॅम, वर डाळ-भात त्याच पाण्यात शिजतो. एकाच बोअरवर एक माणूस आखडतो आणि दुसरा ठीक राहतो, त्याचं एक कारण हे आहे. दुसरं कारण मूत्रपिंड. ते अशक्त असेल तर फ्लोराइड बाहेर टाकलं जात नाही. तिसरं, आहारातलं कॅल्शियम. चौथं, चहा. चहाचं झुडूप जमिनीतलं फ्लोराइड पानांत साठवतं. अमेरिकेत एका ४७ वर्षांच्या बाईला फ्लोरोसिस झाल्याचं २०१३ साली नोंदलं गेलं. तिच्या पाण्यात दोष नव्हता, ती १७ वर्षं रोज १०० ते १५० टी-बॅग घालून चहा करून पीत होती. इतका चहा आपल्याकडे कुणी पीत नाही, पण फ्लोराइडच्या पाण्यात दिवसाला आठ-दहा कप कोरा चहा पिणारे शेतमजूर मी पाहतो.

कॅप्सूल सुचवणाऱ्याचं ‘जमिनीतली खनिजं संपली’ हे म्हणणं आपल्या पट्ट्यात तर उलटंच लागू पडतं. पांढरकवडा परिसरातल्या भूजलात जास्त फ्लोराइड असल्याचा अभ्यास २००७ सालीच प्रसिद्ध झालेला आहे. चंद्रपूर आणि नांदेडमधल्या किनवटकडेही हा प्रश्न आहे. खडकातल्या खनिजांमध्ये फ्लोराइड असतंच, ते पाण्यात किती उतरेल हे पाण्याच्या गुणावर ठरतं. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराइडला धरून खाली बसवतं. पाणी अल्कधर्मी, सोड्याचं आणि कॅल्शियम कमी असलेलं असेल तर फ्लोराइड त्यात मोकळं राहतं. खोल बोअरचं पाणी खडकाच्या सहवासात जास्त काळ राहिलेलं असतं, म्हणून उथळ विहिरीपेक्षा त्यात फ्लोराइड बहुधा जास्त सापडतं.

यातून एक दुःखाची गोष्ट घडते. जड पाण्याला लोक नावं ठेवतात, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. मग बोअर होते आणि गोडं, हलकं पाणी लागतं. डाळ पटकन शिजते, कपडे छान निघतात. सगळी वस्ती विहीर सोडून त्या बोअरवर येते. हलक्या पाण्यात फ्लोराइड असेलच असं नाही, पण चवीवरून, रंगावरून, वासावरून ते ओळखूही येत नाही. एका पोडावर, म्हणजे छोट्या आदिवासी वस्तीवर, मी स्वतः नमुने घेतले होते. शाळेजवळच्या हातपंपाचं पाणी सगळ्यांच्या आवडीचं होतं आणि त्यातच फ्लोराइड मर्यादेच्या कितीतरी वर निघालं. तीनशे पावलांवरची गाळ साचलेली विहीर, जिच्याकडे कुणी फिरकत नव्हतं, तिचं पाणी मर्यादेच्या आत होतं. जंतूंसाठी ते निर्जंतुक करावं लागलं असतं, पण हाडांसाठी ते चांगलं होतं. दारात आलेली बोअर सोडून पुन्हा तिकडे चला, असं बायकांना सांगताना मला फार जड गेलं.

हा आजार भारतात नवा नाही. १९३७ साली तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यातून त्याची पहिली सविस्तर नोंद झाली. पुढे नलगोंडा भागात आणखी एक रूप दिसलं. वाढत्या वयाच्या मुलांचे गुडघे आत वळून एकमेकांना घासू लागले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कृष्णमाचारी आणि कृष्णस्वामी यांनी १९७३ साली हे मांडलं. या मुलांच्या मणक्याचं हाड दाट, पण हातापायांची हाडं विरळ होती. संस्थेने नंतर तिथल्या धान्याकडे पाहिलं तर फ्लोराइडग्रस्त भागातल्या ज्वारीत मोलिब्डेनम जास्त आढळलं. मोलिब्डेनम शरीरातलं तांबं घालवतं. तांबं गेलं की तंतूंची बांधणी सैल, आणि त्यावर फ्लोराइडचा मारा. ही कारणमीमांसा पूर्ण सिद्ध झाली असं मी म्हणणार नाही, कॅल्शियमची कमतरताही त्यात होतीच. पण एका खनिजाचा परिणाम बाकीच्या खनिजांवर कसा अवलंबून असतो, हे त्या मुलांच्या पायांत दिसलं.

इथवरचं थोडक्यात सांगतो. वडिलांच्या हाडात खनिज भरपूर आहे, पण भलतं आणि भलत्या जागी असण्याची शक्यता आहे. ते पाण्यातून येत असावं. भाचाही तेच पाणी पीत असेल तर त्याचे दात हा सगळ्यात बोलका पुरावा आहे.

दातांबद्दल थोडं. दाताचं बाहेरचं आवरण हिरडीच्या आत, साधारण आठव्या वर्षापर्यंत तयार होतं. त्या काळात फ्लोराइड जास्त गेलं तर ते आवरण सच्छिद्र बनतं आणि दात बाहेर आल्यावर रंग धरतं. म्हणून डाग आडव्या पट्ट्यांचे असतात, डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर सारखे असतात. साधी घाण किंवा कीड अशी जोडीने बसत नाही. भाच्याला ‘नीट घासत नाहीस’ म्हणून कुणी रागवत असेल तर ते आजच थांबवा. त्याचा काही दोष नाही. मोठा झाल्यावर दातांचे डॉक्टर वरून उपाय करू शकतात.

पण धाकटी दोन वर्षांची आहे. तिचे कायमचे पुढचे दात या क्षणी आत घडत आहेत आणि लहान मुलांच्या वाढत्या हाडांत मोठ्यांपेक्षा जास्त फ्लोराइड साठतं. तुम्ही वडिलांसाठी लिहिलंत, पण या घरात सगळ्यात आधी पाणी बदलायला हवं ते तिचं. आईच्या दुधात फ्लोराइड अगदी कमी उतरतं, तोवर ती सुरक्षित होती. आता वरचं दूध, पेज, डाळीचं पाणी सगळं बोअरच्या पाण्यात होत असेल. ताई त्याच घरी राहते की दुसऱ्या गावी, ते तुम्ही लिहिलेलं नाही. दुसऱ्या गावी असेल तर तिथल्या पाण्याचा नमुनाही वेगळा तपासावा लागेल.

तर पहिलं काम पाण्याची तपासणी. स्वच्छ प्लास्टिकची एक लिटरची बाटली घ्या, काचेची नको, कारण फ्लोराइड काचेशी क्रिया करतं. त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळा, भरा, त्यावर स्रोत, खोली आणि तारीख लिहा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासणी होते, ग्रामपंचायतीत विचारलंत तर नमुना कुठे द्यायचा ते सांगतील. घरची बोअर, शेतातली बोअर आणि जवळची एखादी जुनी विहीर, तिन्हींचे नमुने द्या. वडील दिवसभर शेतात असतील तर त्यांच्यासाठी घरच्यापेक्षा शेतातलं पाणी महत्त्वाचं.

दुसरं, वडिलांना घरीच तीन हालचाली करायला सांगा: गुडघे न वाकवता पायाची बोटं धरणं, हनुवटी छातीला टेकवणं, दोन्ही हात डोक्याच्या मागे नेणं. गावपातळीवर संशयित शोधण्यासाठी हीच साधी चाचणी वापरतात. तिन्ही अडत असतील तर कोपर-मनगटाचा, कमरेच्या मणक्यांचा आणि कटिभागाचा साधा एक्स-रे काढा. हाताच्या दोन हाडांमधला पडदा कडक झालेला दिसला तर निदान बरंच पक्कं होतं, आणि डेक्सापेक्षा हा एक्स-रे कितीतरी स्वस्त पडतो. लघवीतलं फ्लोराइड तपासता आलं तर उत्तम. ते सध्या किती जातंय हे सांगतं, जुना साठा सांगत नाही.

तिसरं, दुसरी कारणं वगळायला हवीत, आणि इथे मी आग्रही आहे. पाठ आखडण्यामागे दाहक संधिवात असू शकतो, ड जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. हाड पांढरं, दाट दिसण्याचं आणखी एक कारण या वयाच्या पुरुषात विसरून चालत नाही, ते म्हणजे प्रोस्टेटच्या कर्करोगाचं हाडात पसरणं. म्हणून रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, ड जीवनसत्त्व, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि पीएसए (प्रोस्टेटसाठी) करून घ्या. पायांत जडपणा, चालताना अडखळणं, लघवी अडणं किंवा न कळणं यांपैकी काहीही असेल तर माझं उत्तर वाचत बसू नका, त्याच आठवड्यात मणक्याच्या शल्यचिकित्सकाला दाखवा.

पाणी दूषित निघालं तर? पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, वाफ जाते आणि उरलेल्या पाण्यात ते वाढतं. कापडाने, तुरटीची कांडी फिरवून किंवा साध्या कँडल फिल्टरनेही पुरेसं जात नाही. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने चुना आणि तुरटी मोजून वापरण्याची नलगोंडा पद्धत विकसित केली. ती चालते, पण मात्रा रोज नीट सांभाळावी लागते, घरगुती पातळीवर लोक कंटाळतात. सक्रिय अल्युमिनाचे फिल्टर चांगले, पण त्यातला माल ठरावीक काळाने ताजा करावा लागतो. न केल्यास फिल्टर दिसतो चालू आणि पाणी येतं तसंच. आरओने फ्लोराइड निघतं, सोबत कॅल्शियम-मॅग्नेशियमही निघतं, म्हणून आहारातून ते भरून काढावं लागतं. माझी पसंती मर्यादेतल्या विहिरीचं पाणी निर्जंतुक करून वापरणं आणि छपरावरचं पावसाचं पाणी साठवणं, याला. पावसाच्या पाण्यात फ्लोराइड जवळजवळ नसतं. आंघोळीला, धुण्याला बोअर खुशाल वापरा, त्वचेतून ते शिरत नाही. फक्त पिण्याचं आणि शिजवण्याचं पाणी बदला. पाच-सहा माणसांच्या घराला ते दिवसाला तीस-चाळीस लिटर लागेल.

आहारात कॅल्शियम वाढवा. पोटात फ्लोराइडला कॅल्शियम भेटलं की ते बरंचसं शोषलं न जाता बाहेर पडतं. दूध, ताक, तीळ, शेवग्याचा पाला, आणि पावसाळ्यात बांधावर फुकट उगवणारा तरोटा. मध्य प्रदेशातल्या झाबुआकडे फ्लोरोसिसच्या गावांत काम करणाऱ्यांनी याच भाजीवर भर दिला. राष्ट्रीय पोषण संस्थेने शाळकरी मुलांवर केलेल्या प्रयोगात चिंच खाल्ल्याने लघवीवाटे फ्लोराइड जास्त बाहेर पडल्याचं दिसलं. वरणात चिंच असू द्या, पण पाणी न बदलता नुसत्या चिंचेवर भिस्त ठेवू नका. चहा कमी, आणि दुधाचा. काळं मीठ आणि सुपारी बंद. तीन वर्षांखालच्यांना टूथपेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढच्या लहानग्यांना वाटाण्याएवढी, आणि ती गिळत नाहीत ना याकडे मोठ्याचं लक्ष हवं.

वडिलांना किती फरक पडेल हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. कडक झालेले अस्थिबंध पुन्हा मऊ करणारं औषध आज नाही. पाणी बदलल्यावर हाडातलं फ्लोराइड हळूहळू कमी होतं, पण त्याला वर्षं लागतात. दुखणं मात्र अनेकांचं काही महिन्यांत हलकं होतं, भूक सुधारते, आणि महत्त्वाचं म्हणजे आजार पुढे सरकायचा थांबतो. जी हालचाल शिल्लक आहे ती रोजच्या सौम्य व्यायामाने राखता येते. जोराने पाठ मोडून घेणं, मालिशवाल्याकडून मान झटकून घेणं मात्र कटाक्षाने टाळा. कडक झालेल्या मणक्याला तो झटका फार महागात पडतो.

नमुन्यांचे आकडे हाती आले की ते आणि एक्स-रेमध्ये काय दिसलं ते कळवा, पुढचं त्यावरून सांगता येईल. तोवर आज संध्याकाळी ताईला एक फोन करा आणि धाकटीची पेज कोणत्या पाण्यात शिजते, एवढं विचारा.